लसीचं कार्ड अर्धवट राहू देऊ नका: कुठला डोस कधी, आणि तेव्हाच का

आपल्याकडे बाळाची लस चुकते ती विरोधामुळे कमी आणि राहून गेल्यामुळे जास्त. लसच नको म्हणणारे आईबाप मला फार थोडे भेटलेत, पण "हो देतोय की, दोन झाल्यात, तिसऱ्याच्या वेळी सर्दी होती ना म्हणून राहिली, देऊ आता" असं म्हणणारे घरोघरी आहेत. यात त्यांचा आळस असतोच असं नाही, आपल्याकडच्या रीतीच अशा आहेत की डोस बरोबर मधल्या फटीत पडतो. बघा ना, पहिलं बाळंतपण माहेरी, जन्माच्या लसी दवाखान्यातच होऊन जातात, मग सव्वा महिना बाळ घराबाहेर काढायचं नाही, तो संपतो न संपतो तोच दीड महिन्याची लस येते, ती आशाताई घरी येऊन घेऊन जाते म्हणून होते, अडीच महिन्याची पण कशीबशी होते आणि तेवढ्यात बाळबाळंतीण सासरी निघतात. साडेतीन महिन्याची लस इथे राहते. माहेरच्या आशाताईला वाटतं सासरी दिली असेल, सासरच्या आशाताईच्या यादीत बाळाचं नावच नसतं, आणि घरात सगळ्यांना वाटतं की लसी चालू आहेत आपल्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर याहून अवघड. बीड-नगरकडून जोडपी दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात ती उन्हाळा लागल्यावर परत येतात, म्हणजे ज्या बाळाचा जन्म पावसाळ्यात झाला त्याचं लसीचं अख्खं महत्त्वाचं वेळापत्रक फडावरच्या कोपीत येतं. म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, सरकारी लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रावर फुकट मिळते, गाव बदललं, जिल्हा बदलला, राज्य बदललं तरी चालतं, आधार कार्डावरचा पत्ता कुठलाही असू दे. फक्त कार्ड सोबत ठेवा.

आता ते कार्ड नीट बघू, कारण त्यावरच्या तारखा कोणीतरी सहज टाकलेल्या नाहीयेत, प्रत्येक तारखेमागे कारण आहे आणि ते कारण कळलं की "पुढच्या महिन्यात बघू" असं आपोआप तोंडात येत नाही.

लस काय करते ते आधी थोडक्यात. पैलवान मैदानात उतरण्याआधी तालमीत जोड्याशी लढतो, तिथे डाव कळतात, जीवाची भीती नसते, तसं लसीत त्या रोगाचा जंतू मेलेला किंवा अगदी दुबळा केलेला किंवा त्याचा नुसता तुकडा असतो, शरीर त्याच्याशी लढायला शिकतं आणि ती ओळख लक्षात ठेवते. खरा जंतू पुढे कधी आला तर शरीराला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पण बऱ्याच लसींच्या बाबतीत पहिल्या डोसने ओळख नुसती सुरू होते, पक्की होत नाही, म्हणून दुसरा, तिसरा. आणि दोन डोसमध्ये निदान चार आठवडे लागतात कारण शरीराला ती तयारी करायला तेवढा वेळ पाहिजेच, त्याच्या आत पुढचा डोस दिला तर उपयोग होत नाही. उशीर झाला तर मात्र आधीचे डोस वाया जात नाहीत, पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. हे खूप जणांना माहीत नसतं आणि "आता सगळं परत करायला लावतील, ओरडतील" या भीतीने लोक केंद्रावर जातच नाहीत.

जन्माच्या वेळी तीन गोष्टी, बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस. यातली कावीळ ब ची २४ तासांच्या आत द्यायची असते आणि याला घाई का तर आईच्या रक्तात तो विषाणू असला तर तो बाळाला बाळंतपणातच लागू शकतो, आणि बाळपणी लागलेली कावीळ ब शंभरातल्या जवळजवळ नव्वद मुलांमध्ये कायमची मुक्काम करते, पुढे तरुणपणी लिव्हर खराब होणं, कॅन्सर, सगळं त्यातून येतं. मोठ्या माणसाला हीच कावीळ झाली तर बहुतेक जण त्यातून पूर्ण बरे होतात. म्हणजे फरक वयाचा आहे, म्हणून पहिला दिवस. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, थोडा पू पण येतो, मग व्रण राहतो, त्यावर हळद, मलम, पावडर काहीही लावायचं नाही, तो तसाच बरा होतो. व्रण नाही उठला तरी लस परत द्यायची गरज नसते.

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, ही खरी तिकडी. यात पेंटाव्हॅलंट असते म्हणजे एकाच इंजेक्शनमध्ये पाच रोग, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाचा जंतू ज्याने लहान मुलांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर होतो. शिवाय पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसची तोंडातून द्यायची लस जुलाबासाठी, पहिल्या आणि तिसऱ्या भेटीत पोलिओचं छोटं इंजेक्शन आणि न्यूमोनियाची पीसीव्ही. लोक विचारतात एवढं लहान बाळ, दीड महिन्याचं, त्याला एकदम एवढं कशाला, जरा मोठं होऊ दे की. तर कारण हे की डांग्या खोकल्याने जी बाळं दगावतात त्यातली बहुतेक तीन महिन्यांच्या आतली असतात. मोठ्या मुलाला डांग्या खोकला झाला तर तो खोकून खोकून ओकतो, महिना-दोन महिने हैराण होतो, पण तान्ह्या बाळाला कधी कधी खोकलाच येत नाही, ते नुसतं श्वास घ्यायचं थांबतं, निळं पडतं. म्हणजे बाळ "जरा मोठं होईपर्यंत" थांबायचं ठरवलं तर ज्या काळात रोग जीव घेतो तोच काळ उघडा सोडला. घटसर्पाचंही तसंच, घशात राखाडी रंगाचा जाड पडदा धरतो आणि त्या जंतूचं विष हृदयावर जातं, आणि ज्यांनी हा रोग डोळ्यांनी बघितलाय ती पिढी आता म्हातारी झाली म्हणून आपल्याला भीती उरली नाही, एवढंच.

पोलिओचे थेंब पण आणि इंजेक्शन पण, हे डबल कशाला, हा प्रश्न तर प्रत्येक केंद्रावर कोणीतरी विचारतंच. थेंबांनी आतड्यात संरक्षण तयार होतं, त्यामुळे विषाणू शौचातून पुढे पसरत नाही, इंजेक्शनने रक्तात संरक्षण तयार होतं. दुसरं कारण असं की पोलिओचे तीन प्रकार, त्यातला दोन नंबरचा नैसर्गिक विषाणू जगातून गेला म्हणून २०१६ मध्ये थेंबांतून तो प्रकार काढून टाकला, आता त्याच्यापासूनचं संरक्षण इंजेक्शनमधूनच येतं. आणि हो, पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जे दोन थेंब मिळतात ते या कार्डावरच्या डोसांच्या बदली नाहीत, ते जादाचे आहेत. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा पेशंट १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, लहान मुलगी होती, त्यानंतर एकही नाही. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून आपल्याला हात सोडून बसता येत नाही.

आता नऊ महिन्यांचा डोस, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. साडेतीन महिन्यांनंतर एकदम नऊ महिने म्हणजे मध्ये साडेपाच महिन्यांची गॅप, तोपर्यंत कार्ड कपाटात कुठेतरी कपड्यांखाली गेलेलं असतं, आई कामावर परत गेलेली असते. आणि लस कुठली तर गोवर-रुबेलाची, एमआर. (सोबत पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि व्हिटॅमिन ए, काही ठराविक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची पण.)

गोवर आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. "निघू दे, निघाला की अंग मोकळं होतं", कडुलिंबाचा पाला ठेवतात, अंघोळ घालत नाहीत, दवाखान्यात नेत नाहीत. पण माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात वेगाने पसरणाऱ्या रोगांत गोवर आहे, एक गोवरवालं मूल लस नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना तो देऊ शकतं, ते मूल खोलीतून निघून गेलं तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच ते मूल रोग पसरवत असतं, म्हणजे "गोवरवाल्या मुलापासून लांब ठेवू" हे शक्यच नाही कारण तेव्हा कोणाला माहीतच नसतं. गोवरामागून न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, डोळे जातात, मेंदूला सूज येते. आणि एक गोष्ट जी गेल्या काही वर्षांतच नीट कळली ती म्हणजे गोवर शरीराची आधीची आठवण पुसतो, इतर रोगांशी लढायची जी ताकद मुलाने कमावलेली असते ती बऱ्यापैकी नष्ट होते, मग गोवर बरा झाल्यावर पुढचे कित्येक महिने ते मूल सारखं आजारी पडत राहतं आणि घरचे म्हणतात नजर लागली.

हे सगळं जुन्या काळातलं वाटत असेल तर २०२२ चा हिवाळा आठवा. ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईत गोवंडीत लहान मुलं गोवराने गेली, मग भिवंडी, मालेगाव, एकेक नाव येत गेलं, मुंबईत कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये गोवराचे वॉर्ड भरले, आणि आजारी पडलेल्या मुलांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली खूप होती. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीच्या लसी मागे पडल्या होत्या, दाट वस्ती, कुपोषण, हे सगळं एकत्र आलं. तेव्हा उद्रेकाच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना पण जादा डोस द्यावा लागला.

मग विचाराल नेहमीच सहा महिन्याला का देत नाही? कारण आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण बाळाच्या रक्तात काही महिने असतं आणि ते लसीतल्या दुबळ्या विषाणूलाच मारून टाकतं, लस लागू पडत नाही. ते संरक्षण जसं ओसरतं तशी लस जास्त लागू पडते, पण तसाच गोवराचा धोका पण वाढतो. नऊ महिने ही त्यातली मधली वेळ आहे. या वयात दिलेली लस शंभरातल्या साधारण ८५ मुलांना लागू पडते. उरलेल्या १५ मुलांना लस "दिली" पण संरक्षण नाही, आणि कुठली १५ ते बाहेरून बघून कळत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. तो नुसता बूस्टर नाहीये, पहिल्या वेळी राहिलेल्यांना मिळालेली दुसरी संधी आहे. गोवर थांबवायला वस्तीतल्या ९५ टक्के मुलांना संरक्षण लागतं, एका डोसने तो आकडा गाठताच येत नाही हे गणित तुम्हीच करून बघा. आणि त्या ९५ टक्क्यांच्या भरवशावर कोण असतं, तर नऊ महिन्यांच्या आतली सगळी बाळं, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेली मुलं, ज्यांना लस घेताच येत नाही. रुबेलाचं तर अजून वेगळं, तो मुलाला फार त्रास देत नाही पण गरोदर बाईला झाला तर पोटातलं बाळ बहिरं, मोतीबिंदू असलेलं, हृदयात दोष असलेलं जन्मू शकतं. तुमच्या मुलाची लस शेजारच्या वहिनीच्या पोटातल्या बाळाला पण वाचवते.

दीड-दोन वर्षांच्या भेटीत एमआरचा दुसरा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओचे थेंब. मग पाच-सहा वर्षांला डीपीटीचा दुसरा बूस्टर, दहा आणि सोळा वर्षांला टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. हे शाळेच्या वयातले डोस तर लोक विसरूनच जातात.

आता तापाबद्दल, कारण खरी भीती तिथे असते आणि ती खोटी नाही. पेंटाची लस मांडीत दिली की त्या रात्री बाळ तापतं, किरकिरतं, मांडी धरते, गाठ येते, घरात रात्रभर कोणी झोपत नाही आणि आजी म्हणतात धडधाकट बाळाला नेऊन आजारी करून आणलं. हा ताप मुख्यतः डांग्या खोकल्याच्या भागामुळे येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. पॅरासिटामॉल द्यायचं, किती ते बाळाच्या वजनावर असतं म्हणून सिस्टरला विचारून कार्डावर लिहून घ्या. अंगावर पाजत राहायचं. मांडी चोळायची नाही, गरम शेक द्यायचा नाही. एमआरचा ताप मात्र त्याच दिवशी न येता आठवडाभराने येतो, कधी हलकं पुरळ पण येतं, कारण त्यातला दुबळा विषाणू हळूहळू वाढतो, तेव्हा लोक गोंधळतात. ताप उतरतच नसेल, बाळ सलग तासन् तास रडत असेल, झटका आला, सुस्त पडलं तर मात्र वाट न बघता दवाखाना. लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात ते यासाठी की तीव्र ॲलर्जी येते ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच, ती दहा लाख डोसमागे एखाद्याला येते पण आली तर औषध तिथेच हाताशी असतं. म्हणून टोचलं की लगेच गाडीला किक मारून निघू नका.

साधी सर्दी, बारीक ताप, थोडे पातळ शौच, यासाठी लस पुढे ढकलायची गरज नसते. ठरवायचं सिस्टरने किंवा डॉक्टरने, घरी बसून आपण नाही. आधीच्या डोसला तीव्र ॲलर्जी आली असेल, झटके आले असतील, मुलाची प्रतिकारशक्तीच कमी असेल तर ते आधी सांगा, तिथे खरंच वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

खाजगीतल्या "पेनलेस" लसीबद्दल पण विचारतात. तिने ताप कमी येतो हे खरं, पण डांग्या खोकल्यापासूनचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं. सरकारी लस म्हणजे हलकी हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसी सरकारी केंद्रावर पण असतात, खाजगीत पण आणि जगातल्या कितीतरी देशांत पण. खाजगीत कांजण्या, टायफॉइड, गालगुंड अशा काही जादा लसी मिळतात, जमत असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या, पण सरकारी कार्डावरच्या आधी पूर्ण करा.

कधी तुमच्या अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी जरा लक्ष देऊन बघा. सिस्टर तो निळा डबा उघडते, आत चार बाजूंना बर्फाचे पॅक, प्रत्येक बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो, लसीला उष्णता लागली तर चौकोन हळूहळू गडद होतो, गोलाच्या रंगाइतका झाला की ती बाटली टाकायची. एमआर आणि बीसीजीची पावडर असते, पाणी मिसळलं की बाटलीवर वेळ लिहितात आणि चार तासांनी उरलेली फेकतात. लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो त्याचं हे एक कारण, एका बाटलीत अनेक डोस असतात आणि बाळं एकत्र आली की ती कारणी लागते. सिरिंज एकदा वापरली की तिचा दांडा अडकतो, परत वापरताच येत नाही. टोचून झाल्यावर सिस्टरने तुम्हाला चार गोष्टी सांगायच्या असतात, कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कुठली, आणि कार्ड जपून ठेवा, पुढच्या वेळी आणा. गर्दीत राहून गेलं तर आपण विचारायचं, त्यात लाजायचं काय.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्यांपैकी गोवराच्या लसीमुळे मुलाला ऑटिझम होतो हा मेसेज सगळ्यात चिवट. तो आला १९९८ च्या इंग्लंडमधल्या एका रिसर्च पेपरमधून, अवघी १२ मुलं, आकडे आणि माहिती फिरवलेली, २०१० मध्ये तो पेपर ज्या मासिकाने छापला होता त्यानेच मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स गेलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासली, काही संबंध सापडला नाही. ऑटिझमची लक्षणं कळायला लागतात तेच वय लसीचं पण असतं, त्यामुळे आईबापाच्या मनात तसं येणं मी समजू शकते, पण एकामागून एक झालं म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नसतं. लस घेतली की पुढे मूल होत नाही वगैरे तर निव्वळ अफवा.

आणि "आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लसी" म्हणणाऱ्या आजींना प्रेमाने विचारा, तुम्हाला भावंडं किती होती आणि त्यातली मोठी किती झाली. आपल्या मुंबईचं तर लसीशी जुनं नातं आहे, भारतातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली, आणि प्लेग आल्यावर हाफकिनसाहेबांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईतच तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली, परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचंच नाव आहे. दंडावर देवीचा व्रण असलेली माणसं अजून आपल्या घरात आहेत, आपल्या मुलांच्या दंडावर तो नाही कारण तो रोगच राहिला नाही.

शेवटी ज्यांचं राहिलंय त्यांच्यासाठी. बीसीजी एक वर्षाच्या आत देता येते. पेंटा, रोटा यांचा पहिला डोस एक वर्षाच्या आत झालेला असेल तर पुढचे नंतर पूर्ण करता येतात, पेंटा सुरूच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर डीपीटी सात वर्षांपर्यंत मिळते. एमआर आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत. म्हणजे तुमचं मूल चार वर्षांचं आहे आणि एमआरचा दुसरा डोस आठवत नाही, तरी अजून वेळ आहे, अंगणवाडीत ताईंना विचारा या महिन्याचा लसीकरणाचा दिवस कधी आहे. कार्ड हरवलं असेल तर जिथे लस दिली त्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, जन्मतारीख आणि आईचं नाव सांगितलं की शोधून देतात, आणि यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसनोंदणीत, नोंदणी झालेली असेल तर मोबाईल नंबरवरून पण दिसतं. काहीच सापडलं नाही तरी जा, डॉक्टर वयाप्रमाणे लसी सुरू करतात, एखादा डोस परत दिला गेला तर बाळाला त्याने अपाय होत नाही. नवीन कार्ड मिळालं की दोन्ही बाजूंचा फोटो काढून नवराबायको दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि सासर-माहेरच्या दोन्ही आशाताईंना पाठवून ठेवा.